चाळीस मिलिमीटर

त्याला तोंड आहे आणि पोट आहे. बाकी काही नाही. वर पितळेची कडा असलेलं गोल तोंड, खाली निमुळतं होत गेलेलं नरसाळं आणि आत झाकून ठेवलेली बाटली. पिंपरी-चिंचवडमध्ये, रावेतला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, कठडे आणि पाण्याच्या टाक्या यांच्यापासून जमेल तितक्या लांब हा पर्जन्यमापक उभा आहे. खरं तर त्याची जागा जमिनीवर. तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, आणि भिंती-झाडं त्यांच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी दूर, असा नियम. बास्केट ब्रिजपासून किवळ्यापर्यंत इमारती अशा दाटल्या आहेत की तेवढी मोकळी जमीन आवारात मिळत नाही. म्हणून तो वर आला. इथला वारा त्याच्या वाट्याचा थोडा पाऊस पळवतो, हे त्याचा आकडा वाचताना ध्यानात ठेवायचं.

त्याची कडा जवळून बघण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूला उतरती, आतल्या बाजूला सरळ, आणि टोकाला धार. थेंब नेमका कडेवर पडला तर तिथं रेंगाळू नये, चिरून जावा; आतला भाग आत आणि बाहेरचा बाहेर. नरसाळंही खोलगट असतं, कारण जोराचा थेंब आपटून उडाला तर त्याचे शिंतोडे पुन्हा बाहेर जाऊ नयेत. पानगळ, कबुतरांची पिसं, कोळ्याचं जाळं एवढी त्याची दुखणी. नरसाळ्याची नळी तुंबली की तो मुकाट चुकीचं सांगतो, म्हणून पावसाळ्यात रोज त्याच्या तोंडात डोकवावं लागतं.

सकाळी साडेआठला त्याची भेट. देशभरातल्या वेधशाळा याच वेळी पाऊस मोजतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेला लागतो. बाटली काढायची, काचेच्या मोजपात्रात ओतायची, डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि आकडा वहीत मांडायचा. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. अडीच मिलिमीटर भरले तरच हवामान खातं त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. पर्जन्यमापक असा भेद करत नाही. चार शिंतोडे आले तरी ते सांभाळून ठेवतो.

त्याचं कूळ फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या दाराशी एक हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे, आणि कोणत्या देशात किती पाऊस पडतो याची यादीही दिली आहे. गोदावरीकाठच्या अश्मकाला त्यात ठरावीक माप आहे. कोकणाला, म्हणजे अपरान्ताला, माप नाहीच, तिथला पाऊस अमित म्हटला आहे. सह्याद्रीच्या दोन अंगांचा फरक राज्यकारभाराला तेव्हापासून ठाऊक आहे, ही गोष्ट मला थक्क करते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ पर्यंत इथं होतं. त्या अर्थी आमचा हा गच्चीवरचा गडी चांगल्या शेजारात राहतो.

तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. किती पडला ते सांगतो. कसा पडला, कुठून आला, का आला ते सांगत नाही. वहीत ४० लिहिलं की ते ४० एप्रिलचे असोत, जुलैचे असोत की ऑक्टोबरचे, दिसायला सारखेच. प्रत्यक्षात त्या तीन चाळिसांचा एकमेकांशी संबंध फक्त पाण्याचा. त्यांचा जन्म वेगळा, चाल वेगळी आणि मागे ठेवून जाण्याची रीत वेगळी.

वेधशाळेतला त्याचा थोरला भाऊ याबाबतीत जास्त बोलका. स्वयंलेखी पर्जन्यमापकात एक ढोल घड्याळावर फिरत असतो, दिवसात एक फेरा. त्यावर आखलेला कागद, कागदाला टेकलेली लेखणी. आतल्या भांड्यात पाणी चढेल तशी लेखणी वर चढते; १० मिलिमीटर भरले की भांडं आपोआप रिकामं होतं, लेखणी सरळ खाली येते आणि पुन्हा चढायला लागते. त्या कागदावर पावसाचं हस्ताक्षर उमटतं. एकदा नजर बसली की तारीख झाकून ठेवली तरी हा पाऊस कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. आमच्याकडे तो कागद नाही, म्हणून आकड्यापुढे शेऱ्याचा रकाना ठेवला आहे: केव्हा लागला, किती वेळ, वारा कुठला, थेंब कसे.

पहिला चाळीस वळवाचा. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात इथली दुपार भाजून काढते. गच्च्यांचं काँक्रीट, रस्त्यांचं डांबर, चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांचे पत्रे, अधूनमधून उरलेली नांगरट. जमीन तापते, तिच्या अंगाची हवा तापून हलकी होते आणि वर निघते. दर किलोमीटरला ती साधारण १० अंशांनी निवत जाते. दुपारनंतर समुद्राकडचा दमट वारा घाट चढून मावळात येतो आणि या उठावाला बाष्प पुरवतो. हवा पुरेशी निवली की बाष्पाचे बारीक कण होतात आणि आकाशात ढगाचा सपाट तळ दिसू लागतो. ढगाला जोर चढतो तो इथून पुढे. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना जवळपास ६०० कॅलरी उष्णता सुटते. ती त्याच हवेला मिळते. मग ती हवा सावकाश निवते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि चढतच जाते. ढग आपल्याच उष्णतेवर पोसतो. बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत त्याचा मनोरा जातो, वर बर्फाचे कण होतात, ते खाली येताना वितळून टपोरे थेंब बनतात, आणि न वितळले तर गारा. हा आरोह पर्जन्य.

तो येताना आधी वारा पाठवतो. पडणारा पाऊस थंड हवा खाली खेचतो, ती जमिनीवर आदळून चहूकडे फाकते. म्हणून सरीच्या आधी धुळीचा लोट येतो. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी इथंच, रावेत-किवळ्याच्या सेवा रस्त्यालगत, अशा वादळी वाऱ्यात एक अजस्र होर्डिंग कोसळलं. पावसापासून आडोसा म्हणून तिथं थांबलेले पाच जण गेले. मापकाच्या बाटलीत त्या संध्याकाळचं पाणी किती आलं याला काही अर्थ नाही. तो वारा मोजत नाही. पण वळवाचा ढग डोक्यावर आला की कशाखाली उभं राहू नये हे रावेतकरांनी तेव्हापासून मुलांना शिकवायला हवं. थेंब पडायच्या आधीची ती पाच-दहा मिनिटंही घातकी.

खाली फाकलेली तीच थंड हवा ढगाचा उबदार पुरवठाही तोडते. त्यामुळे एकेका ढगाचा खेळ अर्ध्या-पाऊण तासात, फार तर तासाभरात आटोपतो. पहिले थेंब एवढे मोठे असतात की नरसाळ्यावर त्यांचा टणटण आवाज येतो. चाळीस मिनिटांत ४० मिलिमीटर पडावेत आणि नदीपलीकडे पुनावळ्यात रस्ता कोरडा असावा, असं होतं. थोरल्या भावाच्या कागदावर या पावसाच्या रेघा उभ्याच्या उभ्या असतात: वर, खाली, वर, खाली, आणि मग दिवसभर सपाट.

दुसरा चाळीस डोंगराचा, आणि याच्याविषयी मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. जूनपासून अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र येतो. त्याच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा. हवेला बाजूला जायला जागा नसते, वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. चढताना ती निवते, ढग होतात, पाऊस पडतो. हवा पुढे जाते, मागून नवी येते आणि तीही तशीच चढते. ऊन नको, दुपार नको, गडगडाट नको. रात्री दोन वाजताही तोच जोर. हा प्रतिरोध पर्जन्य. याचे ढग वळवाच्या मानाने ठेंगणे. समुद्रावरच्या वाऱ्याने आणलेल्या मिठाच्या कणांवर मोठे जलकण धरतात. मोठे कण खाली येताना लहानांना गाठून पोटात घेत जातात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाखांच्या घरातले कण एकत्र यावे लागतात. हे सगळं बर्फावाचून, डोंगरमाथ्यापासून थोड्याशा उंचीवर चालतं. म्हणून लोहगड-विसापुरावर जुलैत आपण पावसाखाली उभे नसतो, पाऊस तयार होत असतो त्याच्या आत उभे असतो.

माथा ओलांडला की हवा उतरायला लागते, आणि उतरताना तापते. तापलेली हवा बाष्प धरून ठेवते, सोडत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; तिथून कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड असं खाली येताना तो आटत जातो; पुण्यात शिवाजीनगरला सातशेच्या आसपास उरतो. रावेत या उतारावर अगदी खालच्या टोकाला, लोणावळ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात तर वीस किलोमीटरही नाहीत, तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. २५ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. ताम्हिणी घाटात २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, शिवाजीनगरला त्याच २४ तासांत ११४. एकच वारा, एकच रात्र.

आषाढात आमचा मापक रोज थोडं थोडं दाखवतो. आज सहा, उद्या नऊ, परवा चार. चाळीस भरायला कधी आठवडा लागतो, कधी झड बसली तर वीस तासांत भरतात. थेंब बारीक, नरसाळ्यावर आवाज नाही, कागदावर रेघ लांबच लांब पायऱ्यांची. घोरावडेश्वराचा डोंगर कित्येक दिवस दिसत नाही. याच दिवसांत गच्चीवरून पवना पाहिली की मापकाच्या आकड्यावर विश्वास बसत नाही. इथं चार मिलिमीटर, आणि नदी गढूळ होऊन दोन्ही काठ चाटत निघालेली. ते पाणी इथल्या पावसाचं नव्हेच. ते तुंग, तिकोना, लोहगडाच्या आसपास पडलेलं, पवना धरणात साठून किंवा धरणाखालच्या ओढ्यांतून आलेलं पाणी.

उन्हाळ्यातही तेच पाणी आपण पितो. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर अडतं, तिथून पंपांनी उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. म्हणजे ज्या पावसावर हे शहर मुख्यतः जगतं तो आमच्या बाटलीत कधी पडतच नाही. तो पाऊस पवन मावळातल्या भातखाचरांवर, ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांच्या डोक्यावर पडतो. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायच्या योजनेविरुद्ध तिथले शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. रावेतच्या पावसाची वही ठेवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. आमचा वर्षाचा आकडा कितीही भरो, आमची तहान दुसऱ्याच्या पावसावर भागते.

तिसरा चाळीस भोवऱ्याचा. समुद्रावर कुठंतरी हवेचा दाब कमी होतो, चारी बाजूंची हवा तिकडे धावते, पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न जाता वळत वळत आत शिरते आणि मध्याकडे येऊन वर उचलली जाते. शेकडो किलोमीटरच्या घेरात एकाच वेळी हवा चढत असते, म्हणून या आवर्त पर्जन्याचा पसारा मोठा. युरोपातल्या आवर्तांत थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर पाऊस होतो. आपल्याकडे तशी सीमा नसते, समुद्राचं उबदार बाष्पच काम करतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरलं; मावळात आणि खेडमध्ये फुलांच्या हरितगृहांचे सांगाडे पिळवटून गेले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ जमिनीवर चढलेलं बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण, सोलापूर करत पुण्यावर आलं आणि हाताशी आलेली पिकं पाण्याखाली गेली. अशा दिवशी वाऱ्याची दिशा तासातासाला बदलते. शेऱ्याच्या रकान्यात मला सगळ्यांत जास्त खाडाखोड करावी लागते ती याच पावसात. कागदावरची त्याची रेघ तिरपी, एकसारखी चढणारी. रावेतला ४० तर चाकणलाही तीस-पन्नास, आणि शिरूरलाही तसेच काही.

पुस्तकात हे तिघं वेगवेगळ्या चित्रांत असतात, आकाशात ते एकमेकांत मिसळतात. बंगालच्या उपसागरावरचं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवर सरकलं की आपल्याकडचा पश्चिमी वारा खवळतो आणि घाटावर डोंगराचा पाऊस दुप्पट होतो. म्हणजे आवर्त तिकडे, प्रतिरोध इकडे. २६ जुलै २००५ ला ऐन मोसमी पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्ही मापक एकाच मुंबईचे, दोन्ही खरे. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात येऊन दाखल झाला. वळीव संपला कुठं आणि मोसमी लागला कुठं, त्या आठवड्यातल्या आकड्यांना विचारून कळणार नाही. थेंब आणि वारा यांच्यावरूनच काय तो अंदाज.

आणि म्हणूनच या अर्ध्या बोलण्याची मला काळजी वाटते. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात, आणि पुढचे पंचनामे, मदत, विमा यांचा विचार त्या आकड्याच्या आधाराने होतो. एका मंडळात कितीतरी गावं, मापक एखादाच. भोवऱ्याचा पाऊस असेल तर एक मापक सगळ्या गावांसाठी बोलू शकतो, त्याचं बोलणं न्यायाचं ठरतं. डोंगराच्या पावसात पश्चिमेकडच्या गावाचं आणि पूर्वेकडच्या गावाचं माप एक धरता येत नाही, पण फरक कुठल्या दिशेने वाढतो ते तरी माहीत असतं. वळवात यातलं काहीच लागू पडत नाही. चाकणच्या पट्ट्यात शेतात काढून ठेवलेला कांदा भिजतो, गारांनी आंबा झडतो, आणि दोन-तीन किलोमीटरवरचा मापक त्या दिवशी प्रामाणिकपणे शून्य सांगतो. दोष त्याचा नाही. जिथं पाऊस एका गावात पडतो आणि शेजारचं कोरडं राहतं तिथं एका यंत्रावर अख्ख्या मंडळाचं नशीब टांगणाऱ्यांनी गावागणिक मापक बसवले पाहिजेत. हे यंत्र महाग नाही, आणि ते वाचायला शाळेतली पोरंसुद्धा पुरी पडतात.

सोसायटीत त्याचं मोल पटलं ते पाण्याच्या टंचाईमुळे. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. त्यामुळे गच्चीचं पाणी कूपनलिकेत जिरवायचा विषय सभेत आला. गच्ची धरा हजार चौरस मीटर. ४० मिलिमीटर म्हणजे ४० हजार लिटर, कोणताही पाऊस असो. पण डोंगराचा पाऊस ते पाणी वीस तासांत देतो, म्हणजे मिनिटाला तेहेतीसेक लिटर; वाळू-खडीची गाळणी ते निवांत गाळते. वळीव तेच चाळीस मिनिटांत ओततो, मिनिटाला हजार लिटर. वर्षाच्या सरासरीवर बांधलेला खड्डा तेव्हा भरून वाहतो आणि जिन्याखाली पाणी शिरतं. वहीतले आकडे आणि त्यांच्यापुढचे शेरे सभेत वाचून दाखवले तेव्हा मापं बदलली. गाळणीच्या आधी एक साठवण टाकी घेतली, वळवाचा लोंढा आधी तिच्यात थांबेल आणि गाळ खाली बसल्यावर सावकाश पुढे जाईल अशी. गच्चीवरचा पहिला धुळीचा पाऊस बाहेर सोडायला वेगळी झडप ठेवली. टाकीतून उतू जाणारं पाणी अजून गटाराला मिळतं. ते बागेच्या खड्ड्याकडे वळवायचं काम मे महिन्याच्या आत उरकायचं आहे.